मावळतीची भिंत

लिंपणाचा गारा तुडवायला दोन माणसं लागतात. एकट्यानं तुडवला तर माती पायाखालून एका बाजूला पळते. समोर दुसरे पाय असले म्हणजे तिला पळायला जागा राहत नाही, ती मधे सापडते आणि मळली जाते. त्या संध्याकाळी मी आणि माझी बायको वच्छला मागच्या वाडीत एकमेकांचे खांदे धरून गाऱ्यात उभे होतो. पावसाळा सरला होता. आमच्या घराची मावळतीची भिंत पावसाच्या तोंडावर येते, दरसाल झोडपून निघते. तिला दिवाळीच्या आधी नवं लिंपण घालायचं, हा वच्छलाचा नेम. लाल माती, गव्हाचा भुसा, शेण आणि आमचे चार म्हातारे पाय.

"अवो गणूचे बा, नाचून राह्यले का तुडवून राह्यले? टाच मारा, टाच."

"टाच मारली का गुडघा बोलते."

"गुडघ्याले म्हणा दिवाळी झाल्यावर बोल."

अंधार पडायच्या आधी तिनं चिमूटभर गारा उचलला, दोन बोटांत चोळला, नाकाला लावला. म्हणाली, "आज नाई. मुरू दे. सकाळी भिंत घेईन." मग त्यावर ओलं बारदान टाकलं. आम्ही न्हाणीत पाय धुतले, ते पाणी नेहमीसारखं केळीकडे गेलं. जेवलो, झोपलो.

सकाळी ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं.

मयतीला आलेली माणसं एकच बोलत होती, "साधीभोळी बाई होती बिचारी." मी तेव्हा काही बोललो नाही, तिथं बोलायची पद्धत नाही. आता बोलतो. वच्छला साधी नव्हती, भोळी नव्हती आणि बिचारी तर एका दिवसापुरतीही नव्हती. मी चौथीपर्यंत शिकलो. जन्मभर वांगी, भेंडी पिकवली आणि आदिलाबादच्या बाजारात बसून विकली. लिहायची सवय नाही. पण लोक चुकीचं बोलून घरी गेले आणि ते तसंच राहू द्यायचं, हे मला जमत नाही. दुसरी गोष्ट अशी की जे घर तिनं हातानं उभं केलं ते पाडायचं म्हणून आमचा मुलगा गणेश वर्षभर मागे लागला होता. ती गेली त्या दिवशी घराच्या बाजूनं बोलणारं माणूसच गेलं, असं सगळ्यांना वाटलं.

आता घराचं सांगतो.

लग्नानंतर आम्ही आदिलाबाद गावात पत्र्याच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. इकडचा उन्हाळा ज्यानं सोसला त्याला पत्रा म्हणजे काय ते सांगायला नको. लेकरांना ओल्या लुगड्यात गुंडाळून ठेवायचं आणि संध्याकाळची वाट पाहायची. थंडीत तोच पत्रा बर्फासारखा. एका दुपारी तिनं भाकरीचं पीठ परातीत तसंच सोडलं आणि म्हणाली, "हे घर नाई, हा तवा हाये. आपण भाकरी हावो." त्यानंतर आदिलाबादला लागून असलेल्या मावला गावाच्या कडेला जमिनीचा एक खडकाळ तुकडा कोणी घेत नव्हतं तो आम्ही घेतला.

दुसरं कोणी असतं तर आधी मेस्त्री बोलावला असता. वच्छला आधी झोपली. ऐन वैशाखात, भर दुपारी, त्या रिकाम्या जागेवर तोंडावर पदर घेऊन आडवी झाली. थोड्या वेळानं उठायची, दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन आडवी व्हायची. रस्त्यानं जाणारा एक सायकलवाला ऊन लागून बाई पडली समजून पाणी घेऊन धावत आला. ती पदराआडूनच म्हणाली, "मेली नाई मी, बावा. वारा पाहून राह्यली." त्याच्या हातचं पाणी मात्र प्याली.

वारा सापडला तिथं तिनं चुन्यानं रेघ मारली, इथं दार. मल्लेश मेस्त्री आला तेव्हा त्यानं रेघ पाहिली आणि रस्ता पाहिला. दोन्ही एकमेकांना पाठ करून होते.

"अम्मा, रोड इधर है. दरवाजा उधर? लोगां क्या बोलेंगे?"

"लोकं वळसा घालून येईन," ती म्हणाली. "वारा नाई येत वळसा घालून."

"देखनेवाले हँसेंगे, अम्मा."

"हसू दे. घामानं भिजलेलं माणूस हसते का ते पाहू."

आजही आमचं घर रस्त्याला पाठमोरं आहे. पत्रिका वाटायला आलेला पाहुणा मागच्या भिंतीशी उभा राहून हाका मारायचा आणि आतून आवाज यायचा, "दार शोधा!" कित्येकांना ती वेडी वाटली. पण अंगणातून आत पाय टाकला की तेच पाहुणे ओढणी सोडून, टोपी काढून बसत, आणि लवकर उठत नसत.

ती चुकायचीही. ते लपवणार नाही, कारण तीच लपवत नव्हती. पहिली भिंत तिनं आमच्या वावरातल्या काळ्या मातीची घातली. घरची माती, फुकट, जवळ. काळी माती कापसाला चांगली, भिंतीला वैरी. पाणी पिऊन फुगते, उन्हात फाटते. दिवाळीपर्यंत भिंतीला अशा भेगा गेल्या की त्यातून शेजारच्याची म्हैस दिसे. मल्लेश मेस्त्री पाहायला आला, आणि एवढा हसला की त्याला खाली बसावं लागलं. वच्छलानं कंबरेवर हात ठेवून भिंतीला विचारलं, "काऊन वं? मी तुले काय कमी केलं?" मग स्वतःच पहार घेऊन ती भिंत पाडली, आणि पाडताना मल्लेशलाही पहार दिली. "हसलास ना, आता पाड."

तेव्हापासून तिला मातीचं वेड लागलं. जिथं जाईल तिथं माती उचलायची, चोळायची, नाकाला लावायची. बाजारहत्नूरला माझ्या पुतण्याच्या लग्नाला जात होतो. वऱ्हाडाची जीप, बाया नटलेल्या, नवरदेवाची मावशी मधे. रस्त्याच्या कडेला दरड कापलेली दिसली, आत लाल मुरमाड माती. वच्छलानं ड्रायव्हरच्या पाठीवर थाप मारली.

"थांबव रे."

"काय झालं, मावशी? उलटी होते का?"

"हो, लय उलटी होते. थांबव."

उतरली ती थेट दरडीकडे. पोतं सोबत होतं. घरूनच घेऊन निघाली होती, लग्नाला! भरलं, मलाच उचलायला लावलं, आणि सगळं वऱ्हाड पोत्यावर पाय ठेवून लग्नाला गेलं. नवरदेवाची मावशी अजून ते सांगते. अजून रागानंच सांगते.

वरचं छप्पर कवेलूचं, मातीच्या कौलांचं. त्या वर्षांत गावात जो तो जुनं घर मोडून स्लॅब टाकत होता. कुठं घर मोडताहेत कळलं की ही हजर. लोक कवेलू खड्ड्यात भरायला काढत, दारं जाळायला. ती मागून आणायची. म्हणून आमच्या घरात एक दार दुसऱ्याशी जुळत नाही. पुढचं दार सागाचं, नक्षीचं, एका सावकाराच्या माडीचं. न्हाणीचं दार बुटकं, कोण्या गोठ्याचं, माझं कपाळ त्याच्यावर किती वेळा आपटलं ते कपाळालाच विचारा. मी तक्रार केली की म्हणायची, "वाकायची सवय चांगली. बाजारात तं लय ताठ बसता."

झाडांच्या बाबतीत तिचा कायदा होता. नवं रोप अंगणात आलं की त्याला ती गुन्हेगारासारखं उभं करायची. "हे खाऊ घालते का? सावली देते का? देवाले फूल देते का? तिन्हीतलं काई नाई? मंग चाल." गणेशनं एकदा नर्सरीतून शोभेची झाडं आणि गवताचा गुंडाळा आणला, सतरंजीसारखा अंथरायचा. पाणी पाजून पाजून हिरवा ठेवायचा, वर चालायचं नाही. वच्छलानं तो उचलून म्हशीपुढे टाकला. म्हशीनं खाल्ला. "बरं हाये," वच्छला म्हणाली, "खाऊ घालते म्हणा." मी विचारलं, "मंग या कायद्यात मी कुठं बसतो?" माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहून म्हणाली, "तुमी? तुमची तं सावली बी धड नाई. पण जुनं झाड हाये, राहू द्या."

न्हाणीचं पाणी दगडगोट्यांतून केळीला आणि धोप्याच्या, म्हणजे अळूच्या पानांना. कवेलूवरचं पाणी पन्हाळीतून शेवग्याजवळच्या खड्ड्यात. मावळतीच्या भिंतीवर उन्हाळ्यात वालाचा वेल, म्हणजे भिंतीच्या अंगावर ऊन थेट पडत नाही. अंगणाला फरशी नाही. पाऊस पडला की आमच्या अंगणातून पाणी बाहेर जात नसे, आणि रस्त्यावरचं आत यायला बघायचं. तेव्हा ती मेहंदीच्या कुंपणाशी खोरं घेऊन उभी राहायची आणि त्या पाण्यालाही वाट काढून द्यायची. "ये, ये, लोकानं हाकलून दिलं का तुले? ये."

आमच्या मागच्या गल्लीत पद्माक्का राहते. मालक मास्तर होते, पेन्शनवाले, दोन मजली स्लॅब. उन्हाळ्यात दुपारी करंट गेला की पद्माक्का चटई बगलेत घेऊन आमच्या दारापुढच्या छपरीत यायची. तिचं तेलुगू, हिचं मराठी, आणि मधे हिंदी दोघींनाही मोडकं. पहिल्या दिवशी वच्छलानं तिला पाणी दिलं, पंखा दिला. दुसऱ्या दिवशी दारातच अडवलं.

"अक्का, सावलीचं भाडं?"

पद्माक्का घाबरली. "कितना, अम्मा?"

"बकेट. जूठा पानी का बकेट."

तेव्हापासून पद्माक्का एका हातात चटई आणि एका हातात बादली घेऊन यायची. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, भांड्यांचं पहिलं पाणी. केळीच्या मुळाशी ओतायचं आणि मग बसायचं. हळूहळू गल्लीतल्या पाच-सहा बाया तशाच येऊ लागल्या. नव्या सुनेला सासू शिकवून पाठवायची, रिकाम्या हातानं जाऊ नको. वच्छलाच्या केळी त्या उन्हाळ्यात अशा झाल्या की बाजारात माझ्या भाजीपेक्षा त्यांची चौकशी जास्त.

सरकारकडून घरं मोजायला एक पोरगा आला होता. तेलुगू पोरगा, शहाणा, घामाघूम. घराला एक चक्कर मारली, दार सापडलं तेव्हा आत आला, आणि लिहिता लिहिता बोलला, "कच्चा इल्लु." इल्लु म्हणजे घर. कच्चा म्हणजे काय ते तिला सांगायची गरज नव्हती.

"काय लिवलं रे?"

"अम्मा, मट्टी का घर कच्चा में आता."

"बस," ती म्हणाली. "ताक पी." पोरगा छपरीत बसला, ताक प्याला, भिंतीला डोकं टेकलं आणि झोपला. हातातला पेन तसाच. तिनं त्याला झोपू दिलं. अंगावर माशी बसू दिली नाही. ऊन उतरल्यावर हलवून उठवलं आणि विचारलं, "काय रे, घर कच्चं अन् झोप पक्की?"

पोरगा लाजला, पण त्यानं लिहिलेलं खोडलं नाही. त्याचा नाइलाज होता, त्याच्याकडे दोनच रकाने होते. पुढे सांगून गेला की कच्चं मोडून पक्कं बांधायचं म्हणाल तर सरकार मदत करते. ती म्हणाली, "लिव, बुढी नाई म्हणते." मी तिथंच होतो. मला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी तेच बोललो असतो.

पण गणेशनं ऐकलं तेव्हा तो जेवणाच्या ताटावरून उठला.

त्याचंही खरं होतं. तो आदिलाबादेत शिमिट-लोखंडाच्या दुकानात आहे, आधी नोकर होता, आता भागीदार. गावभर पक्की घरं उभी करून देतो आणि स्वतःची माय मातीत राहते, यावरून लोक त्याला चिडवत. मुलगा वाईट नाही. मायवर त्याचा जीव होता. फक्त तो जीव त्याला शिमिटातच दाखवता यायचा.

एकदा वच्छला लेकीच्या बाळंतपणाला निर्मलला गेली होती. गणेशनं माणसं लावून मावळतीच्या भिंतीला शिमिटचा गिलावा मारून घेतला. आई आली की खूश होईल, दरसालचं लिंपण सुटेल. ती आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी भिंतीला तळहात लावला. मग कान लावला. गणेश वाट पाहत होता.

"माय, कसं झालं?"

"तिचं नाक दाबलं तू," एवढंच बोलली आणि चूल पेटवायला गेली.

पावसाळ्यात खालून ओल चढली. बाहेर पडायला तिला वाट नव्हती. भिंत पोटुशी बाईसारखी फुगत गेली, आणि एका दुपारी गिलाव्याचे मोठमोठे पापुद्रे अंगावरची माती घेऊन खाली आले. गणेश धावत आला. त्याला वाटलं, आता माय बोलणार. तिनं ते शिमिटचे तुकडे एकेक करून उचलले आणि अंगणातून मागच्या वाडीकडे जाणाऱ्या चिखलाच्या वाटेवर पाय ठेवायला मांडले. त्या वाटेला नाव दिलं, गणूची फरशी. कोणी आलं की सांगायची, "गणूच्या फरशीवरून या, चिखल लागन." गणेश घरी आला की त्या फरशीवर पाय ठेवूनच जायचा. दुसरी वाट नव्हती.

भिंत तिनं पुन्हा उभी केली. तिचं लिंपण पाहायला माझी जागा ठरलेली असायची, तिच्या मागे. ती भिंतीला नाक लावून काम करायची, तिला सगळी भिंत दिसायची नाही. मी पाच पावलं मागे उभा. आधी भिंतीवर पाणी शिंपडायचं, मग गाऱ्याचा एक गोळा करून जोरानं मारायचा. चिकटला तर म्हणायची, "घेतला." पडला तर, "आज नाई म्हणते." कधी थापी घेतली नाही, सगळं तळहातानं. अधूनमधून मागे न बघता विचारायची, "सरळ हाये का?"

"डाव्या अंगानं फुगली."

"फुगू दे. भिंत माझी हाये."

मग विचारायचं कशाला? हे मी तिला जन्मभर विचारलं. तिनं जन्मभर उत्तर दिलं नाही, आणि पुढच्या साली पुन्हा विचारलं, "सरळ हाये का?"

यंदा गणेशच्या पोराच्या लग्नाची बोलणी निघाली. मुलीकडचे लोक घर पाहायला येणार. गणेश स्वतः गावात भाड्यानं राहतो, म्हणून त्याला इथं, मावल्यात, दोन मजले चढवायचे होते. उन्हाळाभर तोच विषय. तो नकाशे दाखवायचा. ती शेंगा सोलायची.

"माय, लोकं काय म्हणन? मातीच्या घरात पोरगी देतात का कोणी?"

"मले दिली होती पत्र्यात. मी मेली का?"

"तुमचा जमाना गेला."

"उन्हाळा तं नाई गेला ना रे. तो हाये अजून."

पोळ्याच्या दिवशी भांडण लागलं. गणेश म्हणाला, दिवाळीनंतर जेसीबी सांगितला आहे. तिनं हातातलं पोळपाट खाली ठेवलं, उभी राहिली आणि एवढ्या मोठ्यानं बोलली की पद्माक्का कुंपणापर्यंत आली. "मी हावो तोवर ह्या घराच्या कवेलूले हात नाई लावायचा. माझ्या मागं काय करायचं ते करा!"

रागात माणूस बोलतो. गणेशनं ते लक्षात ठेवलं.

तिला पोचवून आलो त्या संध्याकाळी छपरीत सगळे बसले होते. माझे चुलतभाऊ तुळशीरामदादा, लेक, जावई, गल्लीतली माणसं. रडून झालं होतं. गणेश माझ्याजवळ येऊन बसला. डोळे सुजलेले. हळू बोलला, "बा, तेरवी झाली का तुमी माझ्याकडं चला. एकटे इथं काय करान? घराचं... मायनं सांगितलंच होतं. माझ्या मागं काय करायचं ते करा म्हणे."

सगळे मान हलवत होते. कोणाला त्यात वाईट दिसत नव्हतं. मेलेल्या बाईची परवानगीच होती ती.

मी त्याच्याकडे पाहिलं. म्हणलं, "गणू, तिच्या मागं कोण उभं राह्यत होतं रे, लिंपताना?"

त्याला कळलं नाही.

"मी. अजून बी मीच हावो. तिच्या मागं काय करायचं ते मी ठरवीन."

"बा, तुमी दुःखात हा. नंतर बोलू."

"दुःखात हावो, बहिरा नाई. जेसीबीवाल्याले सांगून दे, येऊ नको. आला तं मी त्याले दार शोधाले लावीन."

कोणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. तुळशीरामदादा म्हणाले, "राहू द्या रे, बुढ्याचं डोकं ठिकाणावर नाई आज." माझं डोकं ठिकाणावर होतं. आयुष्यात एवढं कधी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाडीत गेलो. घरात बाया उठत होत्या, चहा ठेवला होता, मला कोणी हाक मारली ती ऐकली नाही. बारदान वाळून कडक झालं होतं. उचललं. खालून आंबूस वास आला, गारा मुरला होता. एक दिवस जास्तच मुरला होता. वर तिच्या पायाचा एक ठसा तसाच होता, टाच खोल, बोटं पसरलेली. मी तो पाहिला. मग पाणी शिंपडलं, धोतर खोचलं आणि त्याच्यावर पाय ठेवला. काय करता? तो ठेवून घेण्यासाठी नव्हता, भिंतीसाठी होता.

एकट्यानं तुडवलं. माती पळत होती, तिच्या मागे मीही पळत होतो.

तुळशीरामदादा मागच्या दारात आले. "अरे, अरे! सुतक हाये घरात. दहा दिवस मातीले हात लावत नाई, लिंपण नाई, सारवण नाई. येवढं बी कळत नाई का तुले?"

"सुतक मले हाये, दादा. भिंतीले नाई."

"लोकं काय म्हणन?"

"वळसा घालून येऊन म्हणा, म्हणावं."

ते कपाळावर हात मारून आत गेले. आत आवाज वाढले. लेक बाहेर आली, माझ्याकडे पाहून रडायला लागली आणि परत गेली. पद्माक्का कुंपणाच्या फटीतून आली. हातात बादली. आज सावलीचा दिवस नव्हता, ऊनही नव्हतं. तिनं केळीच्या मुळाशी पाणी ओतलं, बादली उपडी घातली आणि तिच्यावर बसली.

मी गोळा केला आणि भिंतीवर मारला. पडला. भिंत कोरडी होती, मी पाणी मारायचं विसरलो होतो. जन्मभर मागे उभं राहून पाहिलेलं काम, पुढे आल्यावर हातात येत नाही. पाण्याची बादली घेतली, भिंतीला चांगलं भिजवलं. वालाच्या सुकल्या वेलाखाली तिच्या गेल्या सालच्या तळहाताचे फराटे ओले होऊन वर आले. दुसरा गोळा केला. मारला.

घेतला.

मग मी थांबलो नाही. तळहातानं पसरवत गेलो, खालून वर, तिच्यासारखं. खांदा बोलत होता. त्याला म्हणलं, दिवाळी झाल्यावर बोल. भिंतीला नाक लागलं होतं, मला हातापलीकडे काही दिसत नव्हतं. मागे गणूच्या फरशीवर कोणाचे पाय वाजले आणि थांबले. मी वळलो नाही.

"बा," गणेश म्हणाला. "डाव्या अंगानं फुगून राह्यली."

"फुगू दे," मी म्हणलं. "भिंत माझी हाये."